एका बाटलीने १९ जीव घेतले आणि मुंबईला प्लेगची लस देणारे हाफकिन बदनाम झाले

हिंगोली असो की वसमत, डोळे आले की मेडिकलमधून अँटिबायोटिकचे ड्रॉप्स आणले जातात. आठवडाभर वापरून झाले की बाटली फ्रीजच्या दारात पडून राहते. तीन महिन्यांनी घरात दुसऱ्या कुणाचे डोळे लाल झाले, की तीच बाटली पुन्हा बाहेर निघते.

त्या बाटलीवर बारीक अक्षरात औषधाशिवाय आणखी एक नाव असतं. बऱ्याचदा ते असतं बेंझाल्कोनियम क्लोराईड. हे झालं प्रिझर्व्हेटिव्ह. उघडलेल्या बाटलीत जंतू शिरले तर त्यांना वाढू द्यायचं नाही, हे त्याचं काम.

हे काम किती मोलाचं आहे आणि ते कुठवर पुरतं, यावरून १२० वर्षांपूर्वी मोठा वाद पेटला होता. कारण होतं मुंबईत तयार झालेली प्लेगच्या लसीची एक बाटली. आणि त्यात होरपळले ते डॉ. वाल्डेमार हाफकिन.

ओडेसाचा पोरगा मुंबईत कसा आला?

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० चा. गाव ओडेसा, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातलं आणि आजच्या युक्रेनमधलं. घर ज्यू. तरुणपणी झारच्या सत्तेविरुद्धच्या चळवळीत पडले आणि तुरुंगातही जाऊन आले. पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ग्रंथालयातल्या साध्या नोकरीवर लागले आणि उरलेल्या वेळात प्रयोग करत राहिले.

तिथेच त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली. जुलै १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते भारतात आले आणि गावोगाव फिरून कॉलऱ्याची लस टोचू लागले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावलं. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक व्हरांडा आणि हाताशी मोजकी माणसं मिळाली. तीन महिन्यांत लस तयार झाली आणि १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती पुन्हा स्वतःलाच टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली.

हे दिवस कसे होते? याच साथीत मार्च १८९७ मध्ये पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. जूनमध्ये रँडचा खून झाला. लोकांना प्लेगइतकीच सरकारी बंदोबस्ताची धास्ती होती. अशा वेळी आगाखान यांनी चारचौघांत लस टोचून घेतली आणि आपल्या समाजालाही घ्यायला लावली. १८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली.

मग तो दिवस आला

पंजाबात प्लेग पसरला आणि लसीची मागणी प्रचंड वाढली. आधीच्या पद्धतीत लसीत कार्बोलिक ॲसिड, म्हणजे फेनॉल, टाकलं जायचं. तेच तिचं प्रिझर्व्हेटिव्ह. कमी वेळात जास्त लस तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनी नवी पद्धत घेतली. त्यात लसीतले जंतू उष्णतेने मारायचे आणि कार्बोलिक ॲसिड वगळायचं.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यातल्या १९ जणांची लस एकाच बाटलीतली होती. त्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळे दगावले. बाकीच्या कुणालाही काही झालं नाही.

चौकशी आयोग बसला. बाटली उघडण्याआधीच, म्हणजे मुंबईतच, लस दूषित झाली होती असा निष्कर्ष निघाला आणि कार्बोलिक ॲसिड वगळल्याचा ठपका आला. हाफकिन यांना प्रयोगशाळेतून बाजूला केलं गेलं.

पण एक गोष्ट मागे पडली होती. मुल्कोवालला बाटलीचं बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू असतात मातीत. शिवाय ते बंद बाटलीत कित्येक दिवस वाढले असते, तर उघडताना घाण वास आला असता. तसा वास आला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, कार्बोलिक ॲसिड असतं तर लोक वाचले असते का? खात्रीने सांगता येत नाही. ते जंतूंची वाढ रोखतं. पण मातीतून नुकत्याच आलेल्या धनुर्वाताच्या चिवट जंतूंना काही मिनिटांत मारणं त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं.

१९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या वर्तमानपत्रात हाफकिन यांची बाजू मांडली. त्याच वर्षी त्यांच्यावरचा डाग पुसला गेला आणि ते भारतात परतले. पण परळ परत मिळालं नाही. कलकत्त्यात ठेवून त्यांना लसीच्या चाचण्यांपासून लांबच ठेवलं. काही वर्षांनी ते निवृत्त होऊन युरोपात गेले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळालं, ते त्यांच्या हयातीतच. २६ ऑक्टोबर १९३० ला स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथे त्यांचं निधन झालं.

प्लेगवर पुढे स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक आलं. ते शोधणाऱ्या चमूचे प्रमुख सेल्मन वॅक्समन हेही युक्रेनचेच. १९६४ मध्ये त्यांनीच हाफकिन यांचं चरित्र लिहिलं.

फ्रीजमधल्या त्या बाटलीचं काय?

प्रिझर्व्हेटिव्ह हा राखणदार आहे, पण त्याचीही मर्यादा आहे. म्हणून ड्रॉप्स उघडले की बाटलीवर तारीख लिहा. टाकण्याआधी हात धुवा. बाटलीचं टोक डोळ्याला, पापणीला किंवा बोटाला लावू नका. एकाची बाटली दुसऱ्याला देऊ नका. लेबलवरची मुदत संपली की ती टाकून द्या, बऱ्याच ड्रॉप्सना ती उघडल्यापासून साधारण चार आठवडे असते. काही ड्रॉप्समध्ये प्रिझर्व्हेटिव्ह नसतंच, त्यांची मुदत आणखी कमी असू शकते. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल किंवा थेंबांनी आग, खाज वाढली, तर डॉक्टरांना सांगा, कारण काहींना प्रिझर्व्हेटिव्हचाच त्रास होतो.

मुल्कोवालला एक चिमटा जमिनीवर पडला, आणि बाटलीत काय होतं यावर पाच वर्षं वाद चालला.