अर्देशीर कर्सेटजी वाडिया

आमच्या विद्यालयातील शास्त्राच्या कपाटावर आगगाडीच्या इंजिनाचा एक लहानसा पितळी नमुना कित्येक वर्षे अर्धवट पडून होता. पेटीतून आलेले सुटे भाग जोडून चाके बसली, बाष्पपात्रही बसले. पण नळकांड्यात दट्ट्या नीट चालेना. तो सैल झाला तर वाफ बाजूने निसटे, घट्ट झाला तर जागच्या जागी अडे. एखाद्या वर्गाने उत्साहाने काम हाती घ्यावे व परीक्षा जवळ येताच नमुना पुन्हा कपाटावर ठेवावा, असेच चालले होते. यंदा दिव्याच्या चार मुलांनी तो पुरा केला. स्पिरिटचा दिवा पेटविल्यावर काही वेळाने चाके फिरली, तेव्हा त्यांतील एकाने विचारले की आपल्या मुलखात वाफेचे यंत्र स्वतःच्या हाताने प्रथम कोणी केले? त्याला दिलेले उत्तर येथे थोडे विस्ताराने देत आहोत.

अर्देशीर कर्सेटजी यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ रोजी मुंबईच्या वाडिया घराण्यात झाला. या पारशी घराण्याचे मूळपुरुष लवजी नसरवानजी सुरतेहून मुंबईच्या गोदीत आले, आणि तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या जहाजे बांधणे हाच या कुळाचा धंदा झाला. १८१७ साली त्यांनी सागवानी लाकडाची बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडात आजही जपून ठेवली आहे. अर्देशीर चौदाव्या वर्षी गोदीत उमेदवारीस लागले. परंतु लाकूड व शीड यांत निष्णात असलेल्या या घरातील मुलाचे मन वाफेकडे ओढले गेले.

१८३३ साली, वयाच्या पंचविशीत, त्यांनी एका अश्वशक्तीचे बाष्पयंत्र स्वतः तयार केले. एक अश्वशक्ती म्हणजे काय मोठेसे, असे आमच्या वाचकांस वाटेल. ज्यांनी कपाटावरचा तो दट्ट्या घासून बसविला, त्यांस मात्र तसे वाटणार नाही! त्याच वर्षी त्यांनी ‘इंडस’ नावाचे लहान जहाज बांधले, व पुढे त्यावर यंत्रही चढविले. पण ते यंत्र विलायतेहून आणावे लागले. १८३४ साली त्यांनी माझगावच्या आपल्या बंगल्यात व बागेत गॅसचे दिवे लावले. मुंबईच्या रस्त्यांवर तसे दिवे येण्यास १८६५ साल उजाडावे लागले.

१८३९ साली ते जहाजावरील बाष्पयंत्रांचा अभ्यास करण्यासाठी इंग्लंडास गेले. १ एप्रिल १८४१ रोजी कंपनी सरकारच्या मुंबईतील बाष्प-कारखान्याचे मुख्य अभियंता म्हणून त्यांनी सूत्रे हाती घेतली. गोरे कारागीर एका हिंदी मनुष्याच्या हुकमाखाली येणार, हे मुंबईतील एका इंग्रजी वृत्तपत्रास मुळीच रुचले नाही व त्याने तसे उघड छापले. त्याच वर्षी २७ मे रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांस सभासद निवडले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. दुसरे रामानुजन, आणि तेही १९१८ साली. वृत्तपत्राच्या टीकेला अर्देशीरांनी सोळा वर्षे कारखाना चालवूनच उत्तर दिले, असे आम्हांस वाटते.

फेब्रुवारी १८५१ मध्ये त्यांनी ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट पाण्यात सोडली. तिचे भाग त्यांच्या घरच्या ओतकारखान्यातच तयार झाले होते. पहिल्या एका अश्वशक्तीच्या यंत्रापासून येथवर येण्यास अठरा वर्षे लागली. या विलंबाचे नवल मानू नये. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास, आणि १ मे १८५४ रोजी मुंब्रा-दिव्याच्या बाजूने कल्याणास आगगाडी धावू लागली, तेव्हा तिची इंजिने इंग्लंडातूनच आली होती. या देशात रेल्वे इंजिन बांधले गेले ते १८९५ साली, अजमेरच्या कारखान्यात.

१८५७ साली ते सरकारी चाकरीतून निवृत्त झाले. पुढे काही काळ त्यांनी सिंधू नदीवरील आगबोटींच्या कंपनीत काम केले, व अखेरीस इंग्लंडात रिचमंड येथे राहिले. तेथेच १६ नोव्हेंबर १८७७ रोजी त्यांचा अंत झाला. १९६९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. ज्याने प्रश्न विचारला, त्याच मुलाने ते आपल्या संग्रहासाठी शोधून आणले आहे. नमुन्यातील पाणी काढून, तेल देऊन, तो पुन्हा कपाटावर ठेवला आहे. तिकीट त्याच्या शेजारी लावण्यास मात्र तो मुलगा अद्याप राजी नाही.