रक्तातला भेद ओळखणारा माणूस

रक्ताचे नाते, रक्तातला गुण, एका रक्ताची भावंडे अशा कितीतरी शब्दप्रयोगांतून आपण रक्तावरून माणसे जोडतो आणि तोडतोही. परंतु दोन माणसांचे रक्त खरोखर कोठे सारखे असते आणि कोठे वेगळे, हे विसावे शतक उजाडेपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. ते शोधून काढले व्हिएन्नातील एका अबोल डॉक्टरने. त्याचे नाव कार्ल लँडस्टायनर. २०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा अमुक रक्तगटाला हा आजार लवकर गाठतो, तमुक गटाने घाबरायचे कारण नाही, अशी चर्चा घरोघर सुरू झाली. ज्याच्या कामातून हे गट आपल्याला कळले त्याची आठवण मात्र क्वचितच निघाली. त्याचे चरित्र पाहिले म्हणजे अशा चर्चेवर किती विसंबावे हेही उमगते.

कार्लचा जन्म १४ जून १८६८ रोजी एका ज्यू कुटुंबात झाला. वडील लिओपोल्ड हे व्हिएन्नातील नामांकित पत्रकार. कार्ल सहा वर्षांचा असतानाच ते वारले आणि आई फॅनीने या एकुलत्या एका मुलाला वाढवले. आईवर त्याची विलक्षण माया होती. तिच्या मृत्यूनंतर तिच्या चेहऱ्याचा घेतलेला ठसा त्याने अखेरपर्यंत आपल्या खोलीच्या भिंतीवर जपून ठेवला. १८९० साली त्याने कॅथलिक धर्म स्वीकारला, तर १८९१ साली तो व्हिएन्ना विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडला.

दवाखाना थाटून बसणे हा त्याचा पिंड नव्हता. आजाराचे मूळ रसायनात शोधावे या ओढीने तो झुरिच, व्युर्झबुर्ग आणि म्युनिच येथे रसायनशास्त्र शिकला. एमिल फिशरसारखा श्रेष्ठ रसायनज्ञ त्याला गुरू म्हणून लाभला. व्हिएन्नाला परतल्यावर त्याने शवविच्छेदन विभागात नोकरी धरली. सुमारे दहा वर्षांत त्याने ३,६०० च्या आसपास शवविच्छेदने केली. दिवसभर मृतांच्या सहवासात राहून उरलेल्या वेळात हा माणूस जिवंत रक्ताचा विचार करीत असे.

त्या काळी रक्त देणे म्हणजे जुगार होता. एखादा रुग्ण दुसऱ्याच्या रक्ताने सावरे, तर एखादा थंडीतापाने थरथरत काही वेळातच दगावे. शिवाय एका माणसाचे रक्तद्रव दुसऱ्याच्या तांबड्या पेशींत मिसळले तर कधी कधी पेशींच्या गुठळ्या होतात, हेही दिसून आले होते. हे आजाराचे लक्षण असावे असा अनेकांचा समज होता. लँडस्टायनरने वेगळाच प्रश्न विचारला. दोघेही निरोगी असतील तर काय होईल? त्याने स्वतःचे आणि प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांचे रक्त घेतले, पेशी आणि द्रव वेगळे केले व प्रत्येकाचा द्रव प्रत्येकाच्या पेशींशी मिसळून पाहिला. काही जोड्यांत गुठळ्या झाल्या, काहींत झाल्या नाहीत. या होण्या-न होण्यात त्याला एक नियम दिसला. १९०१ साली त्याने माणसाच्या रक्ताचे ए, बी आणि सी असे तीन गट जाहीर केले. सी गटालाच पुढे ओ हे नाव मिळाले.

तपासलेली माणसे होती जेमतेम वीस-बावीस. म्हणूनच एक गट त्याच्या हातून निसटला. १९०२ साली डेकास्टेलो आणि स्टुर्ली या त्याच्याच वर्तुळातील डॉक्टरांनी दीडशेहून अधिक माणसे तपासली, तेव्हा विरळा असलेला एबी गट सापडला. थोड्या माणसांवरून काढलेला निष्कर्ष खरा असू शकतो, पण तो पुरा असेलच असे नाही. हा धडा रक्तगटांच्या इतिहासात पहिल्याच पानावर लिहिलेला आहे.

एवढ्या मोठ्या शोधाचा गाजावाजा मात्र झाला नाही. १९०७ साली न्यूयॉर्कमध्ये रूबेन ऑटेनबर्गने रक्त देण्याआधी ते जुळवून पाहण्यास आरंभ केला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रक्त गोठू न देता साठवण्याची युक्ती सापडली आणि मग या शोधाचे मोल जगाला कळू लागले. लँडस्टायनर तोवर दुसऱ्याच कामात गुंतला होता. १९०८ साली त्याने एर्विन पॉपरच्या साहाय्याने पोलिओने दगावलेल्या मुलाच्या मज्जारज्जूचा अंश माकडांना टोचून तो आजार माकडांत उत्पन्न करून दाखवला. जिवाणूंना अडवणाऱ्या गाळणीतूनही पार जाणारे काहीतरी या आजारामागे आहे, हे त्यानंतर लवकरच सिद्ध झाले.

१९१६ साली त्याने हेलेन व्लास्टो हिच्याशी विवाह केला आणि पुढच्याच वर्षी त्याला मुलगा झाला. तेवढ्यात युद्ध हरलेल्या व्हिएन्नात उपासमार आली आणि १९१८ चा इन्फ्लुएन्झाही आला. चित्रकार एगॉन शीले आणि त्याची गरोदर पत्नी तीन दिवसांच्या अंतराने या साथीत गेली. शीलेचे वय होते अवघे २८. हा आजार विषाणूमुळे होतो हे तेव्हा वैद्यकाला ठाऊक नव्हते. माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू हाती लागायला १९३३ साल उजाडावे लागले.

१९१९ साली लँडस्टायनर कुटुंबासह हॉलंडमधील हेग शहरी गेला. तेथे एका लहानशा रुग्णालयात नित्याच्या तपासण्या करीत त्याने दिवस काढले. १९२३ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेने त्याला बोलावून घेतले आणि त्याच्या संशोधनाला पुन्हा बहर आला. १९२७ साली फिलिप लेव्हाइनबरोबर त्याने रक्तातील एम, एन आणि पी हे आणखी भेद शोधले. १९३० चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले ते शोधानंतर जवळजवळ तीस वर्षांनी. १९४० साली अलेक्झांडर वीनरबरोबर त्याने आर-एच घटक प्रसिद्ध केला. आपण पॉझिटिव्ह-निगेटिव्ह म्हणतो ते यावरून.

याच काळात जर्मनीत रक्ताच्या नावाने माणसांची शिकार सुरू झाली होती. १९३७ साली अमेरिकेतील ज्यूंच्या एका परिचयग्रंथात आपले नाव छापले जाऊ नये म्हणून लँडस्टायनर न्यायालयात गेला आणि हरला. मुलाची काळजी हे त्याने दिलेले एक कारण होते. रक्ताचे खरे भेद जगाला दाखवणाऱ्या माणसालाही रक्ताच्या खोट्या भेदाचे भय वाटावे, याहून त्या काळावर कठोर भाष्य कोणते?

वास्तविक त्याच्या शोधाने या खोट्या भेदांना उत्तर दिलेले होते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस लुडविक आणि हांका हिर्शफेल्ड या दांपत्याने सलोनिका येथील छावण्यांत अनेक देशांच्या सैनिकांचे रक्त तपासले. त्यांत भारतीय सैनिकही होते. गटांचे प्रमाण कमीअधिक भरले. भारतीयांत बी गट जास्त आढळला. पण ए, बी आणि ओ हे गट तपासलेल्या सर्वच लोकांत सापडले. सख्ख्या भावाचे न चालणारे रक्त सातासमुद्रापलीकडच्या परक्याचे चालू शकते.

२४ जून १९४३ रोजी प्रयोगशाळेत काम करीत असतानाच लँडस्टायनरला हृदयविकाराचा झटका आला. काचेची नळी त्याच्या हातातच होती. दोन दिवसांनी तो गेला.

रक्तगट आणि श्वसनाचे आजार यांचा संबंध त्याच्यामागे उलगडू लागला. त्याची पूर्वखूण त्याच्या हयातीत, न्यूयॉर्कमध्येच मिळाली होती. १९४१ साली जॉर्ज हर्स्टला असे दिसले की इन्फ्लुएन्झाचा विषाणू मिसळला की कोंबडीच्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या होतात. २००९ साली पुण्याला धास्ती बसवणाऱ्या एच-वन एन-वन या नावातील एच हे अक्षर याच गुणधर्मावरून आले आहे. पुढे कळले की ए आणि बी या खुणा म्हणजे पेशींवरील साखरेच्या साखळ्यांची टोके होत आणि त्या श्वासनलिकेच्या पेशींवरही असतात.

मग प्रश्न उभा राहिला की, गटागणिक आजाराचा धोका बदलतो काय? २००३ च्या सार्स साथीनंतर हाँगकाँगमधील एका लहान पाहणीत ओ गटाच्या रुग्णालयीन कर्मचाऱ्यांना लागण कमी झाल्याचे दिसले. २०२० साली इटली आणि स्पेनमधील कोरोनाच्या अत्यवस्थ रुग्णांची जनुके तपासली, तेव्हा ए गटाला धोका काहीसा अधिक आणि ओ गटाला काहीसा कमी आढळला. कारणे दोन सुचवली गेली. ओ गटाच्या रक्तात ए-विरोधी प्रतिपिंडे असतात, ती ए गटाच्या माणसाकडून आलेल्या विषाणूला अडवत असावीत. दुसरे असे की, रक्त गोठण्यास मदत करणारा एक घटक ओ गटात सुमारे पाव हिस्सा कमी असतो आणि या आजारात गुठळ्यांचाच मोठा धोका होता. उलट २०२१ साली अमेरिकेत एक लाखाहून अधिक लोकांच्या पाहणीत असा काही संबंध आढळला नाही. तात्पर्य, फरक असलाच तर तो लहान आहे. वय, जुनी दुखणी आणि लस यांचे वजन त्याहून कितीतरी मोठे. ओ गटाचा म्हणून कोणी बेफिकीर राहावे, किंवा ए गटाचा म्हणून खचून जावे, असे त्यात काही नाही.

भेदांचा हा शोध आपल्या मुंबईतही पुढे गेला. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक दुर्मिळ गट उजेडात आणला. तो आज जगभर बॉम्बे रक्तगट म्हणून ओळखला जातो. या लोकांना ओ गटाचेही रक्त चालत नाही. त्यांना वाचवू शकतो तो त्यांच्यासारखाच दुसरा एखादा माणूस, मग तो कोणत्याही घरचा असो.

लँडस्टायनरचा जन्मदिवस, १४ जून, आता जागतिक रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो. त्याने माणसामाणसांत भेद आहे हे दाखवले, पण त्यात कोणाला वरचा आणि कोणाला खालचा ठरवले नाही. कोणाचे रक्त कोणाला चालेल, एवढेच त्याने सांगितले. त्याच्या आधी भेद म्हणजे आजार अशी समजूत होती. त्याच्यानंतर भेद म्हणजे केवळ भेद राहिला. पुढच्या साथीत कोणी रक्तगटावरून आपले भविष्य सांगू लागला, तर किती माणसे तपासली हा प्रश्न आपण आधी विचारावा. आणि शिबिरात आपल्या गटाची चिठ्ठी हाती पडली, तर ती कपाळावरची रेघ न समजता कोणाच्या उपयोगी पडण्याचा पत्ता समजावी.