पडद्यापासून पडद्यापर्यंत

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही सिनेमा पाहता तेव्हा तुमचे लक्ष कशाकडे असते? कथेकडे, नटांकडे, गाण्यांकडे. पण पडद्यावर दिसणारा राजाचा महाल कसा असावा, गरिबाच्या झोपडीत चूल कुठे असावी, सैनिकाने कोणता पोशाख घालावा, हे सारे आधी कोणीतरी ठरवलेले असते. तो माणूस ते कागदावर रेखाटतो आणि मग लाकूड, कापड, माती यांतून उभे करतो. या सजावटीला नेपथ्य म्हणतात. सिनेमात हे काम करणाऱ्याला कलादिग्दर्शक म्हणतात.

आपल्या देशात सिनेमा अगदी नवा होता तेव्हा हे काम शिकवणारी शाळा नव्हती. त्या काळात कोल्हापूरच्या एका चित्रकाराने हे काम स्वतः शिकून घेतले आणि पुढे अनेकांना शिकवले. त्यांचे नाव बाबूराव पेंटर. आज आपण त्यांची ओळख करून घेऊ.

बाबूरावांचा जन्म 3 जून 1890 रोजी कोल्हापूर येथे झाला. त्यांचे खरे नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. त्यांच्या घरी हस्तकौशल्याची परंपरा होती. हातात हत्यार धरायचे आणि वस्तू घडवायची, हे ते लहानपणापासून पाहत होते. ते कोणत्याही कलाशाळेत शिकले नाहीत. पाहून, करून, चुकून आणि पुन्हा करून ते चित्रे काढायला आणि मूर्ती घडवायला शिकले. लोक त्यांना पेंटर म्हणू लागले आणि पुढे तेच त्यांचे आडनाव झाले.

त्या वेळी कोल्हापूर हे संस्थान होते आणि छत्रपती शाहू महाराज तेथे राज्य करीत होते. महाराज कलावंतांचे चाहते होते. गायक, मल्ल, नट, चित्रकार अशा सर्वांना कोल्हापुरात मान होता. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले थोर चित्रकार आबालाल रहमान हेही याच गावचे. अशा गावात वाढणाऱ्या मुलाला रंगांची ओढ लागली, तर त्यात नवल ते काय?

बाबूरावांना या वाटेवर एक सोबती मिळाला. नात्याने भाऊ लागणारे आनंदराव हेही चित्रकार होते आणि त्यांनाही लोक पेंटर म्हणत. दोघे भाऊ मिळून नाटकांचे पडदे रंगवू लागले.

नाटकाचा पडदा म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. त्या काळी रंगभूमीवर मागच्या बाजूला मोठे कापड टांगलेले असे. त्यावर राजवाडा, जंगल, रस्ता किंवा नदीचा काठ रंगवलेला असे. प्रवेश बदलला की पडदा बदले. कापड तर सपाट असते. पण चित्रकार जवळचे खांब मोठे आणि दूरचे खांब लहान काढतो, सावली योग्य जागी टाकतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की हा दिवाणखाना खूप लांबवर गेला आहे. 1910 ते 1916 या काळात या दोघा भावांच्या पडद्यांचे पश्चिम भारतात मोठे नाव झाले. मराठी संगीत नाटक मंडळ्यांसाठी त्यांनी पडदे रंगवले, तसेच गुजराती आणि पारशी मंडळ्यांसाठीही रंगवले. तुम्हाला हे वाचून आनंद होईल की पारशी रंगभूमीवरची पुष्कळ नाटके उर्दू भाषेत होत असत.

पैसा मिळत होता, नाव झाले होते. दोघे भाऊ हेच काम आयुष्यभर करू शकले असते. पण 1913 साली एक नवी गोष्ट घडली. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट मुंबईत प्रदर्शित झाला. तो मूकपट होता. म्हणजे त्यात चित्रे हालत, पण आवाज नव्हता. तो पाहून हे दोघे भाऊ भारावून गेले. ते ज्या पडद्यावर चित्र रंगवत होते, ते चित्र स्थिर होते. इथे मात्र पडद्यावर माणसे चालत होती, पाणी वाहत होते. आपणही असे चित्र करायचे, असे त्यांनी ठरवले.

पण करायचे कसे? सिनेमा काढायला कॅमेरा हवा. कॅमेरा परदेशातून येई आणि त्याची किंमत फार असे. त्यातच 1914 साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशातून माल येणे कठीण झाले. मग या भावांनी दुसरी वाट धरली. त्यांनी सिनेमा दाखवण्याचे यंत्र, म्हणजे प्रोजेक्टर मिळवला. दुसऱ्यांचे चित्रपट लोकांना दाखवण्याचा धंदा त्यांनी सुरू केला, आणि त्याच वेळी स्वतःचा कॅमेरा बनवण्याची खटपट चालू ठेवली.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही यंत्रे एकमेकांच्या जवळची आहेत. एकात प्रकाश आतून बाहेर पडद्यावर जातो, तर दुसऱ्यात तो बाहेरून आत फिल्मवर येतो. दोन्हींत फिल्मची लांब पट्टी असते आणि तिच्या कडांना सारख्या अंतरावर भोके असतात. यंत्रातला छोटा आकडा त्या भोकांत अडकतो आणि पट्टी पुढे ओढतो. मग पट्टी क्षणभर थांबते, झडप उघडते आणि एक चित्र उमटते. झडप मिटली की पट्टी पुन्हा पुढे सरकते. मूकपटांच्या काळात साधारणपणे एका सेकंदात अशी 16 चित्रे घेत आणि दांडा हाताने फिरवावा लागे. पट्टी केसभर जरी पुढेमागे झाली, तरी पडद्यावरचे चित्र थरथरते. म्हणून प्रत्येक भाग अगदी मापात हवा.

विचार करा, ज्यांचे हात ब्रश धरणारे, ते आता लोखंड आणि पितळ यांच्याशी झगडू लागले. काम सोपे नव्हते आणि दिवस जात होते. अशातच 1916 साली आनंदरावांचे निधन झाले. कॅमेरा अपुराच राहिला.

मित्रांनो, बाबूरावांच्या आयुष्यातला हा सर्वांत अवघड क्षण होता. त्यांचे वय फक्त 26 वर्षांचे होते. ज्याच्यासोबत स्वप्न पाहिले, तो भाऊच गेला. पडदे रंगवण्याचे हुकमी काम हातात होते. कॅमेऱ्याचा नाद सोडला असता, तर त्यांना कोणीही दोष दिला नसता. पण त्यांनी तो सोडला नाही. विष्णुपंत दामले हा त्यांचा शिष्य चित्रकलेइतकाच यंत्रांतही हुशार होता. गुरू आणि शिष्य पुन्हा कामाला लागले. अखेर 1918 साली कॅमेरा तयार झाला आणि तो चालला. भावाने सुरू केलेले काम पुरे झाले.

आता कंपनी काढायची होती. त्यासाठी भांडवल हवे. बाबूराव श्रीमंत नव्हते. कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशांची मदत केली. शाहू महाराजांचा आश्रय मिळाला. अशा रीतीने ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ 1920 साली पुण्यात प्रदर्शित झाला. महाभारतातील द्रौपदी, कीचक आणि भीम यांची ही कथा आहे. त्या काळी चांगल्या घरच्या स्त्रियांनी पडद्यावर दिसणे लोकांना पसंत नव्हते. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये राणीचे काम एका पुरुषाने केले होते. बाबूरावांनी मात्र स्त्रियांची कामे स्त्रियांनाच दिली. गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांनी लोकनिंदेला न भिता ही कामे केली. चित्रपट इतका खरा वाटला की भीम कीचकाला मारतो, ते दृश्य पाहून प्रेक्षक हादरून गेले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांचा गौरव केला आणि त्यांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

हा खरेपणा कुठून आला? तो त्यांच्या चित्रकाराच्या नजरेतून आला. त्यांनी आपली अनेक वर्षे पडदे रंगवण्यात घालवली होती. पण सिनेमात रंगवलेला पडदा खोटा दिसतो, हे त्यांनी ओळखले. नाटकाचा प्रेक्षक एका जागी बसून लांबून पाहतो. कॅमेरा मात्र जवळ जातो, बाजूने पाहतो. म्हणून सपाट पडदे बाजूला ठेवून त्यांनी खऱ्यासारख्या भिंती, खांब, दरवाजे आणि ओसऱ्या उभारल्या. ज्या कलेने त्यांना नाव दिले, तीच जुनी रीत त्यांनी स्वतःच्या हाताने मोडली. हे धैर्य सर्वांजवळ नसते.

चित्रण सुरू होण्याआधी बाबूराव कागदावर सारे रेखाटून ठेवत. पात्राचा पोशाख कसा, ते कुठे उभे राहील, हालचाल कशी होईल, हे आधीच चित्रात दिसे. त्या वेळी चित्रपट बहुधा सूर्यप्रकाशात घेत. 1923 सालच्या ‘सिंहगड’ चित्रपटात त्यांनी कृत्रिम दिव्यांचा उपयोग केला. चित्रपटाची माहिती आणि छायाचित्रे असलेल्या छापील पुस्तिका त्यांनी काढल्या. जाहिरातीची मोठी चित्रे, ज्यांना आपण पोस्टर म्हणतो, तीही ते स्वतः रंगवत. 1924 सालच्या ‘कल्याण खजिना’ या चित्रपटाचे पोस्टर भारतातील सर्वांत जुन्या उपलब्ध पोस्टरांपैकी एक मानले जाते.

1925 साली त्यांनी ‘सावकारी पाश’ हा चित्रपट काढला. कथा नारायण हरी आपटे यांची होती. लबाड सावकार एका शेतकऱ्याची जमीन बळकावतो. शेतकऱ्याला गाव सोडावे लागते आणि तो शहरात गिरणी कामगार होतो. यात देव नव्हते, राजे नव्हते, चमत्कार नव्हते. अंधारी झोपडी होती आणि कर्जात बुडालेला माणूस होता. तरुण शेतकऱ्याचे काम शांताराम नावाच्या एका तरुणाने केले. हा चित्रपट आज भारतीय सिनेमाच्या इतिहासात फार महत्त्वाचा समजला जातो. पण त्या वेळी तो चालला नाही. लोकांना पौराणिक कथांची सवय होती. बाबूरावांना पुन्हा जुन्या प्रकारच्या कथांकडे वळावे लागले. चांगले काम केले की लगेच यश मिळतेच असे नाही, हे इथे ध्यानात ठेवा.

बाबूरावांची कंपनी ही जणू एक शाळाच होती. तेथे वर्ग नव्हते, परीक्षा नव्हत्या. जो येईल त्याने रंग कालवायचे, भिंती उभारायच्या, कॅमेरा पुसायचा आणि पाहत पाहत शिकायचे. दामले तेथे शिकले. शेख फत्तेलाल, ज्यांना सारे प्रेमाने साहेबमामा म्हणत, ते तेथेच मोठे कलावंत झाले. पुढे प्रसिद्ध झालेले व्ही. शांताराम यांनीही तेथे मिळेल ते काम करून सुरुवात केली.

1929 साली हे शिष्य गुरूंपासून वेगळे झाले. त्यांनी आणखी दोन भागीदारांसह कोल्हापुरातच ‘प्रभात फिल्म कंपनी’ स्थापन केली. पुढे ती पुण्याला गेली. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटाचा 1937 साली इटलीतील व्हेनिस येथे सन्मान झाला. शिष्यांचे नाव असे दूरवर गेले, पण त्यांच्या जाण्याने बाबूरावांच्या कंपनीचा आधार सुटला.

1931 साली बोलपट आले. पडदा बोलू लागला. लोक खूश झाले, पण बाबूरावांना काळजी वाटली. इतक्या कष्टाने घडवलेली डोळ्यांची कला आता मागे पडेल, असे त्यांना वाटे. त्यांची कंपनी बंद पडली. 1936 साली त्यांनी ‘सावकारी पाश’ पुन्हा, या वेळी आवाजासह, काढला. 1937 साली ‘प्रतिभा’ हा बोलपट केला. पण त्यांचे मन मुख्यतः चित्रे आणि शिल्पे यांतच रमले. ज्या ब्रशने आयुष्याची सुरुवात केली होती, तोच ब्रश त्यांनी पुन्हा हातात घेतला. 16 जानेवारी 1954 रोजी त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रांनो, बाबूरावांच्या वाटेकडे एकदा मागे वळून पाहा. त्यांनी आधी कापडाचा पडदा रंगवला आणि मग सिनेमाच्या पडद्यावर जग उभे केले. एका कामात शिकलेली गोष्ट त्यांनी पुढच्या कामात वापरली. चित्रकाराच्या नजरेने त्यांना नेपथ्य शिकवले आणि कारागिराच्या हाताने कॅमेरा घडवला. साधन नव्हते म्हणून ते थांबले नाहीत, आणि भाऊ गेला म्हणून त्याचे काम त्यांनी अर्धे सोडले नाही.

तुमच्यापैकी कोणाला वहीच्या कोपऱ्यात चित्रे काढायची सवय असेल, कोणाला जुने घड्याळ उघडून पाहायची. या आवडीचा पुढे काय उपयोग, असे घरचे लोक कदाचित विचारत असतील. तुम्ही त्यांना कोल्हापूरच्या या पेंटरची गोष्ट सांगा. आणि पुढच्या वेळी सिनेमा पाहाल, तेव्हा नटाच्या मागची भिंतही जरा लक्ष देऊन पाहा. तीही कोणीतरी विचार करून, मन लावून घडवलेली असते.