बाळंभट दादा देवधर

पेशवाईच्या अखेरीस बाळंभट दादा देवधर या नावाचे एक थोर व्यायामपटू होऊन गेले. त्यांचा जन्म सन १७८० च्या सुमारास झाला. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत निजामाच्या राज्यातून अली व गुलाब नावाचे दोन नामांकित पहिलवान पुण्यास आले व त्यांनी तेथील मल्लांस आव्हान दिले. आपला नांदेड-लातूरचा मुलूख त्या काळी निजामाच्याच अमलाखाली होता. तेव्हा या कुस्तीत आपण कोणाची बाजू घ्यावी, असा पेच आमच्या बालवाचकांस पडेल खरा! दरबारातून कोणी पुढे येईना, तेव्हा कोवळ्या वयाच्या बाळंभटांनी ते आव्हान स्वीकारले व तयारीस मुदत मागून घेतली.

त्यांनी वणीच्या सप्तशृंग गडावर जाऊन उपासना केली व तेथे प्रत्यक्ष मारुतीने त्यांस लाकडी खांबावरील डाव शिकविले, असे परंपरा सांगते. वृक्षांवर खेळणाऱ्या वानरांची चपळाई पाहून त्यांनी हे डाव बसविले, असेही कित्येकांचे म्हणणे आहे. प्रस्तुत लेखकास, शिक्षक या नात्याने, ही दुसरी हकीकत अधिक मोलाची वाटते. नुसत्या बळाने बलाढ्यास जिंकता येत नाही, हे त्या मुलाने ओळखले असले पाहिजे. खांब कधी थकत नाही. त्यास हातांनी कवळ घालावी, पायांची अढी घालून उलटे व्हावे, अंगास पीळ देऊन निसटावे, अशा मेहनतीने पकड घट्ट होते व कंबर लवचीक राहते. पुण्यास परतल्यावर बाळंभटांनी अलीस चीत केले. ते पाहून गुलाबाने लढण्याचेच नाकारले.

मल्लखांब ही मात्र त्यांची नवी निर्मिती नव्हे. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आहे. आणि त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, लातूर जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नाही. लोप पावत चाललेली ही विद्या बाळंभटांनी पुन्हा उभी केली.

सन १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. बाजीराव गंगेकाठी ब्रह्मावर्तास गेले व बाळंभटही त्यांच्यासमवेत गेले. आता आखाडा गाजविण्यास दरबार उरला नव्हता. आपले डाव झाकून ठेवणारे उस्ताद त्या काळी थोडे नव्हते. पण बाळंभटांनी आपली विद्या शिष्यांस मोकळेपणाने दिली. कोंडभट नाना गोडबोले हे त्यांचे पट्टशिष्य होत. काशीस त्यांचे आखाडे नांदू लागले. तेथे खांबासाठी योग्य लाकूड मिळेना, म्हणून वेत टांगून त्यावर मेहनत सुरू झाली, असे सांगतात. पुढे वेताची जागा दोराने घेतली.

बाळंभट सन १८५२ मध्ये निवर्तले. सन १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन येथे देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली, आणि सन २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा मुंबईस शिवाजी पार्कवर भरली. त्या स्पर्धेत परदेशातून आलेली मुले-मुलीही एरंडेल चोळलेल्या खांबावर चढली.