ख्वाजा अहमद अब्बास : लेखणीच्या कमाईवर चित्रपट काढणारा माणूस

विद्यार्थी मित्रहो, सिनेमाचे नाव काढले की तुमच्या डोळ्यांपुढे नटनट्या येतात आणि तुमच्या वडिलांच्या कपाळावर आठी चढते. पण याच धंद्यात राहून जन्मभर स्वतःच्या मनाला पटेल तेच सांगणारा एक सुशिक्षित माणूस होऊन गेला. पालकांनीही त्याची हकीकत वाचावी.

ख्वाजा अहमद अब्बास यांचा जन्म १९१४ साली पानिपत येथे, थोर उर्दू कवी हाली यांच्या घराण्यात झाला. हालींनीच काढलेल्या शाळेत ते शिकले. अलीगढला १९३३ साली बी. ए. आणि १९३५ साली कायद्याची पदवी घेतली. वकिली मात्र केली नाही. मुंबईला येऊन ते 'बॉम्बे क्रॉनिकल' या वृत्तपत्रात रुजू झाले. तेथे चित्रपटांची परीक्षणे लिहिता लिहिता ते पटकथेकडे वळले.

१९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसे मेली. त्यावर बिजन भट्टाचार्य यांनी नाटके आणि कृष्णचंदर यांनी कथा लिहिली होती. त्यांच्या आधारे अब्बास यांनी 'इप्टा'च्या कलावंतांना घेऊन 'धरती के लाल' (१९४६) काढला. उपाशी शेतकरी पडद्यावर आला.

१९५१ साली त्यांनी 'नया संसार' ही स्वतःची संस्था काढली. राज कपूर यांच्यासाठी लिहिलेले 'आवारा', 'श्री ४२०', 'बॉबी' तुफान चालले. मग तो पैसा कोठे गेला, असे तुम्ही विचाराल. लेखणीची कमाई ते स्वतःच्या चित्रपटांत घालीत. 'मुन्ना' (१९५४) मध्ये एकही गाणे नव्हते! घर न मिळाल्याने मोठ्या नळात संसार थाटणाऱ्या जोडप्याची कथा सांगणाऱ्या 'शहर और सपना' (१९६३) ला राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. गोवा मुक्तिलढ्यावरील 'सात हिंदुस्तानी' (१९६९) मध्ये त्यांनी अमिताभ बच्चन या नवख्या तरुणाला पहिली भूमिका दिली. यांतले बरेच चित्रपट गल्ल्यावर पडले. पण ते पुन्हा लिहीत, कमावीत आणि नवा चित्रपट हाती घेत.

वृत्तपत्रातील त्यांचे 'लास्ट पेज' हे सदर १ जून १९८७ रोजी मृत्यू येईपर्यंत चालू होते.

मित्रहो, शिक्षणाने नोकरी मिळते, हे खरेच. पण अब्बास यांना त्याच शिक्षणाने कोणापुढे हात न पसरता आपले म्हणणे मांडण्याची ताकद दिली. पुस्तक उघडताना एवढे ध्यानात असू द्या.