आकडी थांबवणारी गोळी आणि डॉ. लेनॉक्स

मुलाच्या आकडीसाठी मेंदूविकारतज्ज्ञांकडे खेपा घालणाऱ्या काही आईवडिलांच्या कानावर ‘लेनॉक्स-गॅस्टो’ हे नाव पडलेले असते. लहानपणी सुरू होणाऱ्या आणि औषधांना सहजी न जुमानणाऱ्या अपस्माराच्या एका प्रकाराचे हे नाव. त्यातले गॅस्टो फ्रान्सचे. लेनॉक्स म्हणजे अमेरिकेतल्या बोस्टनचे डॉ. विल्यम गॉर्डन लेनॉक्स. आकडीच्या औषधांचे मुलांवर काय दुष्परिणाम होतात हा प्रश्न आज आपल्याला पडतो, तो या माणसाला ऐंशी वर्षांपूर्वी पडला होता. तोही स्वतः दिलेल्या औषधांबाबत.

लेनॉक्स यांचा जन्म १८८४ चा, कोलोरॅडोतला. त्यांना मिशनरी व्हायचे होते. धर्मशास्त्राच्या शिक्षणाचा मार्ग बंद झाला तेव्हा ते हार्वर्डमध्ये डॉक्टर झाले आणि वैद्यकीय सेवेसाठी चीनला गेले. तिथे एका स्नेह्याच्या मुलीला अपस्माराचे झटके येत. त्या मुलीमुळे त्यांचे लक्ष या आजाराकडे गेले ते कायमचे. १९२० च्या दशकात ते बोस्टनला परतले आणि डॉ. स्टॅन्ली कॉब यांच्यासोबत अपस्मारावर संशोधन करू लागले.

त्या वेळी हाताशी औषधे होती मोजून दोन. एक ब्रोमाइड, व्हिक्टोरिया राणीच्या काळातले. ते शरीरातून फार सावकाश बाहेर पडते, त्यामुळे साठत जाते. चेहऱ्यावर पुळ्या येत, मूल पेंगत राही, बोलणे जड होई. दुसरे फिनोबार्बिटल, म्हणजे आपल्याकडे अनेक घरांत ‘गार्डिनल’ या नावाने माहीत असलेली गोळी. ती १९१२ मध्ये जर्मनीत या आजारावर प्रथम वापरली गेली. ब्रोमाइडपेक्षा ती कितीतरी बरी, पण गुंगी तिच्यातही होतीच. झटके कमी झाले की डॉक्टर आणि पालक दोघेही समाधानी असत. वर्गात मूल सुस्त का बसते, याचा दोष आजारावर टाकला जाई.

१९३५ मध्ये लेनॉक्स आणि फ्रेडरिक व एर्ना गिब्ज या दांपत्याने मेंदूच्या विद्युत आलेखावर, म्हणजे ईईजीवर, एक विशिष्ट नक्षी टिपली. सेकंदाला तीन वेळा उमटणारे टोक आणि त्यामागची लाट. खेळता खेळता किंवा बोलता बोलता मूल पाच-दहा सेकंद शून्यात बघते आणि पुन्हा जणू काहीच झाले नाही असे वागते, त्या झटक्यांची ही खूण. असे झटके दिवसात कित्येकदा येतात आणि बाईंना वाटते, याचे लक्षच नसते.

१९३८ मध्ये बोस्टनमध्येच मेरिट आणि पटनम यांनी फेनिटॉइन आणले. मोठे झटके थांबवायला ते उत्तम आणि गुंगीही कमी. पण मुलांच्या हिरड्या वाढून दातांवर येऊ लागल्या, अंगावर लव वाढू लागली आणि मात्रा जास्त झाली की चालताना तोल जाऊ लागला. शून्यात बघणाऱ्या मुलांना त्याचा उपयोगही नव्हता. याच सुमारास, १९४२ मध्ये, लेनॉक्स यांनी अपस्माराच्या रुग्णांची बुद्धी मंदावण्याची कारणे तपासली, तेव्हा मेंदूची इजा आणि परिस्थिती यांच्या पंक्तीला त्यांनी औषधेही बसवली. झटके विझवण्याच्या नादात डॉक्टर रुग्णाची विचारशक्तीच बुडवतात, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. आपल्याच व्यवसायाला असे सुनावणारे तेव्हा थोडे होते.

मग आले ट्रायमेथाडायोन. एका कंपनीच्या प्रयोगशाळेत वेदनाशामक म्हणून तयार झालेले हे औषध प्राण्यांमधले झटके थांबवते असे दिसले. १९४५ मध्ये लेनॉक्स यांनी शून्यात बघण्याच्या झटक्यांवरचे त्याचे अनुभव प्रसिद्ध केले. कशालाही दाद न देणारे झटके बहुतेक रुग्णांत एकदम कमी झाले, काहींचे पूर्ण थांबले. पालकांना तो चमत्कारच वाटला असणार. पण मुले उन्हात गेली की डोळे दिपत, समोरचे सगळे पांढुरके दिसे. त्यासाठी काळा चष्मा लागे. एवढ्यावर भागले असते तर ठीक होते. १९४६ मध्येच हे औषध घेणाऱ्या रुग्णांच्या अस्थिमज्जेत रक्त तयार होणे थांबून मृत्यू झाल्याच्या बातम्या वैद्यकीय नियतकालिकांत आल्या. औषध लगेच टाकून दिले गेले नाही, कारण त्याच्या तोडीचे दुसरे नव्हते. महिन्याला रक्ततपासणी आणि ताप, घसादुखी, अंगावर काळेनिळे डाग यांकडे लक्ष, असा पहारा त्याच्यामागे लावला गेला. १९५८ मध्ये अधिक सुरक्षित एथोसक्सिमाइड आल्यावर त्याची गरज ओसरत गेली.

लेनॉक्स यांना देवमाणूस ठरवणे मात्र चुकीचे होईल. अपस्माराच्या रुग्णांना लग्न, शाळा, नोकरी मिळावी म्हणून झगडणारा हाच माणूस जन्मतः तीव्र मतिमंद असलेल्यांना दयामरण द्यावे अशा मताचा होता. हे त्यांच्या चरित्रातून गाळता येत नाही. १९६० मध्ये, मुलगी मार्गारेट हिच्या साथीने लिहिलेला दोन खंडांचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांचा प्रश्न मात्र पुढे चालत राहिला. तापात आकडी येणाऱ्या लहानग्यांना फिनोबार्बिटल देऊन पाहिलेला एक अमेरिकी अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी त्या मुलांचा बुद्ध्यंक नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा सरासरी ८ गुणांनी कमी भरला. २०१० मध्ये शून्यात बघण्याचे झटके येणाऱ्या ४५३ मुलांवर तीन औषधांची तुलना झाली. एथोसक्सिमाइड आणि व्हॅलप्रोएट झटके थांबवण्यात जवळपास सारखेच ठरले, पण व्हॅलप्रोएट घेणाऱ्या अधिक मुलांचे लक्ष विचलित होत होते. त्यामुळे पहिली पसंती एथोसक्सिमाइडला मिळाली.

आपल्याकडे फिनोबार्बिटल स्वस्त म्हणून आजही दिले जाते, आणि अनेक मुलांना त्याने उपकारही होतो. काही मुले मात्र त्याने पेंगण्याऐवजी उलट अतिचंचल होतात. लेव्हेटिरासिटामने मूल चिडके, रागीट होऊ शकते. व्हॅलप्रोएटने वजन वाढते, आणि दोन वर्षांखालच्या बाळांत यकृताला धोका अधिक. लॅमोट्रिजिन, कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन सुरू केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ उठले, तर ते उष्णतेचे समजून घरी थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. सतत उलट्या, सुस्ती, कावीळ यांबाबतही तेच. पण गोळी आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही. तसे केल्यास न थांबणारी आकडी येऊ शकते. पुढच्या भेटीला जाताना झटक्यांच्या नोंदीशेजारी झोप, भूक, स्वभाव आणि शाळेतल्या बाईंचे म्हणणे हेही वहीत लिहून न्यावे. मात्रा कमी करायची की औषध बदलायचे, हे डॉक्टरांना त्यावरून ठरवता येते.