नरहर कुरुंदकर

नरहर अंबादास कुरुंदकर (जन्म : नांदापूर, १५ जुलै १९३२, मृत्यू : औरंगाबाद, १० फेब्रुवारी १९८२) हे मराठी समीक्षक, विचारवंत, वक्ते आणि शिक्षक होते. त्यांचे बहुतेक आयुष्य नांदेड येथे गेले. साहित्यशास्त्र, भरताचे नाट्यशास्त्र, धर्म, समाजकारण आणि राजकारण या विषयांवर त्यांनी विपुल लेखन केले. सर्वसामान्य वाचकाला मात्र त्यांची ओळख प्रामुख्याने इतिहास समजावून सांगणारा माणूस म्हणून आहे. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ या कादंबरीला त्यांनी लिहिलेली दीर्घ प्रस्तावना शिवचरित्राकडे पाहण्याची नवी दृष्टी देणारा लेख मानली जाते. इतिहास लोकांना समजेल अशा भाषेत, नर्मविनोदी शैलीत, परंतु लोकांना आवडेल तेवढाच न सांगता मांडणे हे त्यांचे वैशिष्ट्य होते.

बालपण आणि शिक्षण

कुरुंदकरांचे मूळ गाव कुरुंदा. हे गाव वसमत तालुक्यात असून त्या काळी परभणी जिल्ह्यात होते. आज ते हिंगोली जिल्ह्यात मोडते. त्यांचा जन्म आजोळी, नांदापूर येथे झाला. हा सर्व प्रदेश तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचा कारभार उर्दूतून चाले आणि उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी बोलणाऱ्या मुलाला स्वतःच्या भाषेचा आणि प्रदेशाचा इतिहास शाळेत क्वचितच भेटत असे. तो भेटे कीर्तनात, पोवाड्यात आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात.

उच्च शिक्षणासाठी ते हैदराबादला गेले. तेथे त्यांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर उस्मानिया विद्यापीठात मराठीचे अध्यापन करीत होते. मामांच्या सहवासात त्यांना प्राचीन मराठी काव्याची आणि संस्कृत वाङ्मयाची गोडी लागली. ग्रंथालयातील वाचन अफाट वाढले, परंतु नेमलेल्या अभ्यासक्रमाकडे लक्ष राहिले नाही. इंटरच्या परीक्षेत त्यांना अपयश आले आणि पदवी त्यांनी पुढे बऱ्याच उशिरा, नोकरी करीत मिळवली. ज्याच्या ग्रंथांवर पुढे विद्यापीठांत चर्चा झाली, तो लेखक परीक्षांत मागे पडला होता, ही गोष्ट मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना आजही आवर्जून सांगितली जाते. तिचा अर्थ परीक्षा निरुपयोगी असतात असा घेतला जाऊ नये. पदवी हाती नसतानाच्या त्या वर्षांत कुरुंदकर रोज कित्येक तास वाचत होते, हा या गोष्टीचा दुसरा भाग आहे.

नांदेडमधील अध्यापन

नांदेड येथील प्रतिभा निकेतन विद्यालयात त्यांनी शिक्षक म्हणून कामास सुरुवात केली. पुढे ते पीपल्स कॉलेजमध्ये मराठीचे प्राध्यापक आणि नंतर प्राचार्य झाले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने १९५० साली सुरू झालेले हे महाविद्यालय मराठवाड्याच्या शैक्षणिक जागृतीचे एक केंद्र होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामातून आलेले कार्यकर्तेच येथे संस्थाचालक आणि शिक्षक झाले होते. राष्ट्र सेवा दल आणि समाजवादी विचार यांच्याशी कुरुंदकरांचे नाते याच वातावरणात दृढ झाले.

शाळेतील शिक्षकपणाचा ठसा त्यांच्या पुढील सर्व लेखनावर दिसतो. समोरच्याला काय ठाऊक आहे येथून ते प्रारंभ करीत आणि त्याला काय ठाऊक नाही तेथपर्यंत त्याला पायरीपायरीने नेत. वाक्ये लहान, दाखले परिचित आणि निष्कर्ष सहसा अनपेक्षित, अशी त्यांची मांडणी असे.

इतिहासकथनाची परंपरा

मराठी समाजात इतिहास हा फार जुन्या काळापासून ऐकण्याचा विषय आहे. बखरी, पोवाडे आणि कीर्तनातील आख्याने यांनी तो घरोघर पोहोचवला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हरी नारायण आपटे यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांनी त्याला छापील रूप दिले. विसाव्या शतकात बाबासाहेब पुरंदरे यांनी व्याख्याने आणि ग्रंथ या दोन्ही मार्गांनी शिवचरित्र लोकप्रिय केले. मराठवाड्यापुरते पाहिल्यास निलंगा (आजचा लातूर जिल्हा) येथे १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी साधने मराठीत आणून मोगल आणि मराठे यांचा संघर्ष सामान्य वाचकाच्या आटोक्यात आणला.

या परंपरेचे सामर्थ्य मोठे आहे, तसाच तिचा एक धोकाही आहे. वारंवार सांगितलेली गोष्ट हळूहळू गोळीबंद होते. तीत नाट्य उरते, कारणे गळतात. हा अनुभव केवळ मराठीचा नाही. इंग्लंडमध्ये डब्ल्यू. सी. सेलर आणि आर. जे. येटमन या दोन लेखकांनी १९३० साली ‘१०६६ अँड ऑल दॅट’ हे पुस्तक प्रसिद्ध करून शालेय इतिहासाची गमतीदार थट्टा केली. त्यांपैकी सेलर हे पेशाने शिक्षक होते. प्रौढ माणसाला शाळेतला जेवढा इतिहास आठवतो तेवढाच खरा इतिहास, असे गंभीरपणे गृहीत धरून त्यांनी आपल्या देशाची कहाणी सांगितली. राजांची चांगले आणि वाईट अशी सरळ विभागणी केली आणि सनावळीचा गोंधळ तसाच ठेवला. नॉर्मन विजयाचे १०६६ आणि ज्यूलियस सीझरच्या स्वारीचे इसवी सनपूर्व ५५ एवढीच दोन साले त्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी मानली. वाचक हसले आणि हसताना आपल्याच पाठांतराकडे पाहू लागले.

कुरुंदकरांनी असे विडंबन लिहिले नाही. परंतु शिक्षकाच्या नजरेला दिसणारा हाच दोष त्यांनी मराठी समाजाच्या इतिहासस्मृतीत पाहिला आणि त्यावर वेगळा उपाय योजला.

‘श्रीमान योगी’ची प्रस्तावना

‘श्रीमान योगी’ ही शिवाजी महाराजांच्या जीवनावरील कादंबरी १९६८ साली प्रसिद्ध झाली. तिच्या लेखनाच्या निमित्ताने कुरुंदकरांनी रणजित देसाई यांना एक प्रदीर्घ पत्र लिहिले होते. तेच पुढे प्रस्तावना म्हणून छापले गेले. एका लोकप्रिय कादंबरीच्या दारातच वाचकाला विचार करावयास लावणारा मजकूर उभा राहिला, ही मराठी प्रकाशनव्यवहारात अपूर्व घटना होती. कादंबरीकाराने आपल्या कलाकृतीपुढे मतभेदाला जागा दिली, याचे श्रेय देसाई यांनाही द्यावे लागते.

या प्रस्तावनेतील युक्तिवाद थोडक्यात असा आहे. लोकमानसातील शिवचरित्र काही नाट्यपूर्ण प्रसंगांभोवती फिरते. १६५९ मधील अफजलखानाचा वध, १६६३ मधील शायिस्ताखानावरचा छापा आणि १६६६ मधील आग्र्याहून सुटका हे त्यांतील प्रमुख प्रसंग होत. यांत धैर्य आणि चातुर्य दोन्ही दिसतात, पण एवढ्यावरून एखादा पुरुष शूर ठरतो, राज्यसंस्थापक ठरत नाही. म्हणून हे प्रसंग क्षणभर बाजूला ठेवून काय शिल्लक राहते ते पाहावे, असे कुरुंदकर वाचकाला सुचवतात. शिल्लक राहते ती महसुलाची व्यवस्था, वतनदारांच्या सत्तेला घातलेला आळा, रयतेला मिळालेले संरक्षण, आरमार आणि दुर्गांची साखळी. त्यांच्या दृष्टीने महाराजांचे मोठेपण येथे आहे.

या मोठेपणाचे प्रमाण ते महाराजांच्या मृत्यूनंतरच्या काळात शोधतात. १६८० साली महाराजांचे निधन झाले. त्यानंतर औरंगजेब स्वतः प्रचंड सैन्यानिशी दक्षिणेत उतरला. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली आणि १७०० मध्ये राजाराम महाराजांचे निधन झाले. राजा मारला गेला की राज्य संपते, हा त्या काळातील सर्वसाधारण अनुभव होता. येथे तसे घडले नाही. लोक लढत राहिले आणि १७०७ साली औरंगजेबच दक्षिणेत मरण पावला. सामान्य माणसाला हे राज्य आपले वाटले होते, म्हणून ते राजाशिवायही टिकले, असा निष्कर्ष कुरुंदकर काढतात. अशा रीतीने त्यांनी शिवचरित्राचा केंद्रबिंदू एका वीरपुरुषाच्या पराक्रमावरून त्याने उभ्या केलेल्या समाजावर नेला. या विषयावरील त्यांचे विवेचन ‘छत्रपती शिवाजी महाराज : जीवन रहस्य’ या पुस्तकातही वाचावयास मिळते.

वक्तृत्व आणि विनोद

लेखक म्हणून कुरुंदकर जेवढे वाचले गेले, त्याहून अधिक ते ऐकले गेले. मराठवाड्यातील लहानमोठ्या गावांपासून पुण्यामुंबईच्या व्याख्यानमालांपर्यंत त्यांची भाषणे झाली. विषय कितीही जड असला तरी ते घरगुती दाखले देत, स्वतःवर विनोद करीत आणि श्रोते हसत असतानाच मूळ मुद्दा पुढे सरकवीत.

त्यांच्या विनोदाचा रोख ऐतिहासिक पुरुषांवर नसे. तो श्रोत्यांच्या आळसावर असे. आपण थोर पुरुषांचा जयजयकार करतो, कारण त्यांचा अभ्यास करण्यापेक्षा ते सोपे असते, ही जाणीव ते हसतखेळत करून देत. हे काम सोपे नव्हते. ज्या समाजात इतिहास हा अभिमानाचा आणि म्हणूनच संतापाचाही विषय आहे, तेथे श्रद्धास्थानांची चिकित्सा करणाऱ्याला विरोध होणे स्वाभाविक होते. कुरुंदकर उघडपणे नास्तिक होते आणि हिंदू व मुस्लिम अशा दोन्ही समाजांतील सनातनी प्रवृत्तींवर ते सारख्याच स्पष्टपणे टीका करीत. ‘जागर’ (१९६९) आणि ‘शिवरात्र’ (१९७०) या संग्रहांतील लेखांत याचा प्रत्यय येतो. अशी मते ऐकूनही लोक त्यांना पुन्हा बोलावीत, कारण ते श्रोत्याला खाली पाहून बोलत नसत.

हैदराबादचा इतिहास

स्वतः अनुभवलेल्या इतिहासाविषयीही त्यांनी हीच पद्धत वापरली. हैदराबाद संस्थानाची कहाणी सामान्यतः १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांच्या पोलिस कारवाईत संपवली जाते. तीत लातूर येथे वकिली केलेला रझाकारांचा नेता कासीम रझवी हा खलपुरुष असतो आणि निजामाची शरणागती हा शेवट असतो. कुरुंदकरांनी ही कथा दोन्ही टोकांना लांबवली. स्वतंत्र राज्य टिकवण्याची निजामाची आकांक्षा, संस्थानातील जनतेच्या चळवळीची अनेक वर्षांची वाटचाल आणि स्वामी रामानंद तीर्थ यांचे नेतृत्व हा तिचा पूर्वभाग होय. १९५६ साली भाषिक राज्यरचनेत संस्थानाचे तीन तुकडे होऊन ते नकाशावरून नाहीसे झाले, हा तिचा उत्तरभाग होय. त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन’ या ग्रंथाच्या शीर्षकातच हे दोन टप्पे आले आहेत.

मूल्यमापन

कुरुंदकर हे दप्तरखान्यात बसून मूळ कागदपत्रे शोधणारे संशोधक नव्हते. इतिहासकारांनी उजेडात आणलेल्या साधनांचा अर्थ लावणे हे त्यांनी आपले काम मानले. त्यामुळे त्यांच्या काही निष्कर्षांबाबत मतभेद संभवतात. त्यांच्या ग्रंथांचा मोठा भाग भाषणे, प्रस्तावना आणि प्रासंगिक लेख यांतून तयार झाला असल्याने त्यात पुनरुक्तीही आढळते. भाषणातील आवाजाचे चढउतार आणि श्रोत्यांशी चाललेला संवाद कागदावर उतरलेला नाही.

तरीही लोकप्रिय इतिहासकथन आणि चिकित्सा ही परस्परविरोधी नाहीत, हे त्यांनी स्वतःच्या उदाहरणाने दाखवून दिले. गोष्ट आवडणाऱ्या वाचकाला तिच्यामागचे कारणही आवडू शकते, हा विश्वास त्यांच्या सर्व लेखनामागे आहे. ‘श्रीमान योगी’ हाती घेणारा वाचक आजही आधी या प्रस्तावनेतून जातो.

अखेर

१० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबाद येथे एका कार्यक्रमाच्या व्यासपीठावरच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते एकोणपन्नास वर्षांचे होते. पीपल्स कॉलेजचे प्राचार्यपद तेव्हा त्यांच्याकडेच होते. पुढे अनेक वर्षे त्यांच्या भाषणांचे आणि लेखांचे संग्रह प्रसिद्ध होत राहिले. ‘निवडक नरहर कुरुंदकर’ या मालेमुळे त्यांचे लेखन नव्या पिढीच्या वाचकांपर्यंत पोहोचले.

प्रमुख ग्रंथ

• रिचर्ड्सची कलामीमांसा
• रूपवेध
• मागोवा (१९६७)
• जागर (१९६९)
• शिवरात्र (१९७०)
• धार आणि काठ (१९७१), मराठी कादंबरीचा आढावा
• पायवाट
• आकलन
• छत्रपती शिवाजी महाराज : जीवन रहस्य
• हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन